खिल्लारे सरांचा अर्धा हंगाम

खिल्लारे सरांची आणि माझी ओळख थापडेनं झाली.

वसमतला हळदीच्या बाजारामागे एक खाजगी आयटीआय होती. आता ती बंद पडली आहे. तिथल्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकवीस मुलं होती आणि मी एकटी मुलगी. तिसऱ्याच दिवशी मी जुन्या जीपच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसले होते. दोन्ही हात ग्रीसनं माखलेले, म्हणून कॉटर पिन ओठांत धरली होती. चाकाचा मोठा नट आवळून झाला की तो फिरून सुटू नये म्हणून त्यात आडवी घालतात ती बोटभर पिन. शिवताना आई टाचण्या अशाच ओठांत धरायची, त्यामुळे त्यात काही वावगं आहे हे माझ्या मनातही आलं नाही. सर मागून आले, दंडाला धरून त्यांनी मला उभं केलं आणि कानाखाली लगावली. पिन उडून नालीत पडली.

"पिन तोंडात धरायची न्हाई," ते म्हणाले.

"काहून सर?"

"आनखी एकदा इचार, म्हंजे दुसऱ्या कानाखाली देतो."

दुसऱ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील, हळदीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. "वयात आलेल्या पोरीवर हात टाकता?" असं ते दारातूनच ओरडले. सरांनी हात धुतले, पुसले, मग बोलले. "तुमची पोरगी उद्या ज्या गाडीचं चाक बसवंल, त्या गाडीत तुमी बसनार का?"

"बसनार की."

"मंग घरी जा."

आबा गेले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मानूस वाईट हाय उज्वले. पन शिक त्याच्याकडून."

सर उंच, काटकुळे, साठीकडे झुकलेले. औंढ्याकडच्या एका खेड्यातले. वडील विहिरी खोदायचे. सर स्वतः शिकून मस्कतला एका गॅरेजात कामाला गेले आणि तिथून आणखी लांब. मेकॅनिकची नखं काळी असतात, यांची नव्हती. दर तासाला साबणानं हात धुवायचे आणि ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे ओले हात वर धरून जीपकडे यायचे. काम चालू असताना हसलेले मी त्यांना दोन वर्षांत मोजक्याच वेळा पाहिलं. "गाडी माफ करत न्हाई," असं ते म्हणायचे. "मानूस करतंय, म्हनून तर मानूस बिघडून राहिलं."

त्यांची ब्रेकची परीक्षा साऱ्या वसमतला माहीत होती. ज्यानं ब्रेक बसवले त्यानं कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. सर फाटकापासून जीप जोरात आणायचे आणि भिंतीपुढे खडूनं आखलेल्या रेघेवर ब्रेक दाबायचे. संस्थेच्या चालकांना हे ठाऊक होतं, पण सरांची पोरं नोकरीला लागत, म्हणून ते त्या वेळी ऑफिसचं दार लोटून घेत. आमच्या बॅचला बालाजी नावाचा मुलगा होता, कनेरगाव नाक्याकडचा, हाताला अतिशय चांगला. जीप जवळ आली आणि तो बाजूला पळाला. जीप भिंतीच्या अलीकडेच थांबली होती. सर उतरले, चारी चाकं खोलली, ब्रेक तपासले. काम बिनचूक होतं.

"काम बराबर हाय," ते म्हणाले. "पन तुझाच तुझ्यावर इस्वास न्हाई. जा घरी."

बालाजी रडला, पाया पडला. आठ दिवस फाटकापाशी येऊन उभा राहिला. सरांनी त्याला आत घेतलं नाही. त्यानं तो धंदाच सोडला.

माझी पाळी आली तेव्हा मी हलले नाही. बंपर गुडघ्याला टेकला. सरांनी खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाले, "पुढचा."

याच माणसाच्या आत दुसरा एक माणूस होता आणि तो शनिवारी बाहेर यायचा. शनिवारी हत्यारं पुसून जागच्या जागी लावली की सर स्टुलावर बसायचे आणि ऑस्ट्रेलियाची गोष्ट काढायचे. तरुणपणी ते तिकडे मोटारींच्या शर्यतीत एक हंगाम मेकॅनिक होते. गावात याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. बाजारात लोक त्यांना पाठीमागून "ऑस्ट्रेलिया, ओ ऑस्ट्रेलिया" अशी हाक मारत. मुलंही चिडवत, पण गोष्ट मात्र ऐकत.

"टूरिंग कार म्हंजे काय?" सर विचारायचे आणि स्वतःच सांगायचे. "लोकाच्या दारात हुबी असती ती चार दाराची गाडी. तिच्यातून समदं काढून टाकायचं. शीटा, गालिचा, पंखा, टेप. मानूस बी काढला असता, पन चालवायला कुनीतरी लागतंय."

मस्कतच्या गॅरेजचा मोठा इंजिनियर ऑस्ट्रेलियाचा होता, मॉरिस नावाचा. त्यानं मायदेशी परतून स्वतःची एक छोटी रेसिंग टीम काढली आणि सरांना सोबत नेलं. एक गाडी, एक ट्रेलर, पाच माणसं. डॅनी नावाचा तरुण ड्रायव्हर. उन्हाळ्यापासून पुढे महिनोन्महिने दर दोन-तीन आठवड्यांनी वेगळ्या गावी शर्यत, आणि गावं एकमेकांपासून कुठल्या कुठं. "हिंगोलीहून निघून दिल्लीला पोचावं आन मधी एक गाव लागू नये, असा देस. रस्त्यावर दिवसभर आमी आन कांगारू." लोक मैदानाच्या कडेला गाड्यांच्या टपावर बसून जेवत आणि भांडत. दोन मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत खरी चुरस. "लोक जन्मापासून एका कंपनीचे. नवरा एकीचा आन बायको दुसरीची आसंल, तर शर्यतीच्या दिवशी घरात चूल पेटत न्हाई. आमची गाडी तिसऱ्याच कंपनीची, बारकी. आमाला शिव्या बी कुनी देत नव्हतं."

सगळ्यात जास्त ते केविनबद्दल बोलत. टीममधला सर्वांत वयस्कर मेकॅनिक. सर त्याच्याच घरी राहात. 'नामदेव' त्याच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून त्यानं 'नॅम' केलं. त्याच्या बायकोनं कुठून तरी तुरीची डाळ शोधून आणली आणि पहिल्या दिवशी ती कच्चीच वाढली. त्यांची आठ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी सरांना इंग्रजीची स्पेलिंगं घालायची आणि चुकलं की पट्टी दाखवायची. एका शर्यतीत ऊन इतकं होतं की टायर वितळत होते. सरांनी उतरवलेल्या टायरवर तळहात फिरवला आणि केविनला सांगितलं, आतली कड झिजून राहिली, चाक जरा सरळ करा. केविननं मॉरिसशी वाद घालून ते करून घेतलं. त्या दिवशी डॅनी तिसरा आला. केविननं स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून सरांच्या डोक्यावर घातली.

हे सांगताना सर हसत. मग कुणीतरी विचारी, "शेवटी जिंकलात का सर?"

"न्हाई. आमचा हंगाम पुरा झाला न्हाई," एवढं म्हणून ते उठत.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकल होतं. त्यात पास झाले असते तर एसटी डेपोत अप्रेंटिसची जागा नक्की होती. आबांनी गल्लीत सांगूनही ठेवलं होतं. मी चाक बसवलं, नट आवळला, जीप जॅकवरून खाली घेतली. सरांनी विचारलं, "पिन घातली?"

"घातली वाटतं सर."

ते चाकाकडे वाकलेसुद्धा नाहीत. "वाटतं म्हंजे न्हाई," म्हणाले आणि माझ्या नावापुढे शून्य लिहिलं.

मी तिथल्या तिथं झाकण काढून दाखवलं. पिन जागेवर होती. सगळ्या वर्गानं पाहिली. सर म्हणाले, "हाय ना. पन तुला ठाव नव्हतं." आबा आले. या वेळी ओरडले नाहीत. टोपी काढून हातात घेतली, हात जोडले. माझ्या बापाला कुणापुढे टोपी काढताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सर त्यांच्याकडे न बघता हात धूत राहिले. माझी जागा गेली, वर्ष गेलं. मला खालच्या वर्गातल्या मुलांबरोबर पुन्हा बसावं लागलं.

त्या वर्षी मी सरांचा जितका द्वेष केला तितका अजून कुणाचाच केलेला नाही.

सुरुवात त्या द्वेषातूनच झाली. सर खोटं बोलतात, ऑस्ट्रेलियाबिस्ट्रेलिया काही नाही, हे सिद्ध करावं म्हणून मी मोबाईलवर तिकडच्या जुन्या शर्यती शोधायला लागले. सरांच्या गोष्टींमुळे गाडीचा रंग, ड्रायव्हरचं नाव, वर्ष माहीत होतं. बरेच दिवस काही सापडलं नाही. मग शिक्षक दिनाच्या आदल्या दुपारी कुणीतरी टीव्हीवरून उतरवून ठेवलेला एक जुना, धुरकट व्हिडिओ सापडला. डोंगरावरच्या रस्त्यावरची लांब पल्ल्याची शर्यत. त्यात गाडी चाकं बदलायला थांबते. निळ्या कपड्यातली माणसं धावतात. आणि मागच्या चाकापाशी एक काळासावळा, काटकुळा तरुण. सर खरं बोलत होते.

मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. पुन्हा पाहिला. पुढे काय आहे हे मला पूर्ण ठाऊक होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर मी सगळ्यांना वेगळंच सांगितलं.

शिक्षक दिनाला वर्गात प्रोजेक्टर लावला. संस्थेचे चालकसाहेब पहिल्या रांगेत. सरांना मधल्या खुर्चीत बसवलं, हार घातला. मी म्हणाले, "सर, तुमच्यासाठी एक गंमत आहे," आणि व्हिडिओ सुरू केला.

पडद्यावर ते निळे कपडे दिसले तशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. "आयला, खरंच सर हायेत!" सर खुर्चीत पुढे झाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "तो केविन," ते बोट दाखवून म्हणाले. "गन धरलेला. तो नट आवळायचा, मी चाक चढवायचो आन पिन घालायचो. बघा, बघा किती जल्दी." पडद्यावर केविननं हवेची गन नटाला लावली, काढली. मॉरिसनं हात हलवला. गाडी सुसाट निघाली. कॅमेरा क्षणभर मागं उरलेल्या माणसांवर थांबला. तरुण खिल्लारे सर सरळ उभे, हात वर, सगळं ठीक असल्याची खूण करत. त्यांच्या ओठांतून लाल काहीतरी लोंबत होतं.

पोरं हसली. "सर पान खाऊन राहिले!" मागून एक जण ओरडला, "सर, तोंडात काय हाय?"

पिन हरवू नये म्हणून तिकडे तिला लाल फीत बांधत. हे सरांनीच आम्हाला एका शनिवारी सांगितलं होतं.

हसणं एकेका बाकावरून थांबत गेलं. मुलं वर्षभराहून जास्त त्याच माणसाच्या हाताखाली शिकलेली होती, त्यांना कळायला वेळ लागला नाही. गाडी निघून गेली होती आणि पिन सरांच्या तोंडात होती. व्हिडिओ चालूच होता. दोन वळणं, एक उतार, मग मागचं चाक गाडीच्या पुढे एकटंच पळताना दिसलं. गाडी भिंतीवर आपटली, फिरली, परत आपटली. माणसं धावली. चालकसाहेब "बंद कर, बंद कर" म्हणाले. मी बंद केलं नाही. मी सरांकडे बघत होते. गळ्यात हार, हात मांडीवर. ते पडद्याकडे बघतच राहिले. व्हिडिओ आपणहून संपला.

"सर, मला म्हाईत नव्हतं," मी म्हणाले. "मी पुढचं पाह्यलंच न्हाई."

सर उठले, हार काढून खुर्चीवर ठेवला आणि बाहेर गेले.

सर आता येणार नाहीत असंच आम्हाला वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. हात धुतले. हजेरी घेतली. मग फळ्यापुढे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. डॅनीचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी पत्र्याच्या एका खोलीत चौकशी केली. निखळलेल्या चाकापाशी पिन सापडली नव्हती. मग एक तर ती घातलीच नव्हती, नाही तर नट सैल राहिल्यामुळे हिसक्यानं तुटून गेली होती. एक चूक सरांची ठरली असती, दुसरी केविनची.

"साहेबानं मला इचारलं, पिन? मी म्हनलो, येस. पिन येस. दोन शबूद. पिन तवा माझ्या खिशात व्हती. केविन माझ्या बाजूला हुबा व्हता. त्याला परत इचारलं, तर तो काय म्हनला म्हाईत हाय? म्हनला, नॅम घातली म्हनतो ना, मंग त्यानं घातली. माझाच नट सैल राह्यला आसंल."

सर तसेच पुढे सांगत राहिले.

"त्याला काढून टाकलं. परत कुनी त्याला गाडीला हात लावू दिला न्हाई. मी आठ दिवसांनी इमानात बसलो. तो सोडायला आला व्हता." सरांनी आमच्यावरून नजर फिरवली. "तुमाला मारलं, भिंतीपुढं हुबं केलं, ते तुमच्या भल्यासाठी केलं आसं मी समजत व्हतो. आता वाटतंय, मी मलाच मारून राह्यलो व्हतो. पन लागत तुमाला व्हतं."

चालकसाहेबांनी त्या महिन्यातच सरांना काढलं. पालक विचारतील, म्हणाले. ज्यांच्या कानाखाली सरांचा हात बसला होता त्यांतल्या काही मुलांनी फाटकाबाहेर फटाके लावले. मी त्यांच्यात नव्हते, पण आवाज ऐकून मला बरं वाटलं. बाजारात आता त्यांना कुणी 'ऑस्ट्रेलिया' म्हणत नसे. ते दिसले की कुणी ना कुणी दोन ओठांत काडी धरून उभं राही.

एक दिवस सरांच्या बायकोचा निरोप आला, ये म्हणून. सुमनबाई ठेंगणी, कमी बोलणारी बाई. दारातच मला म्हणाली, "मला लग्नाच्या पयल्या वर्षीच सांगितलं व्हतं ह्यांनी. तिकडं चिठ्ठी लिहितो म्हनले. मीच म्हनलं, आता गप ऱ्हावा, आपल्याला संसार करायचाय. ह्यांच्या एकट्याच्या माथी मारू नको." आत सर पलंगावर बसले होते. म्हणाले, "उज्वले, त्या व्हिडिओखाली लोक लिवतेत म्हनं. काय लिवलंय ते वाच."

मी टाळायला बघितलं. ते ऐकेनात. मोबाईलवर भाषांतर करत मी एकेक वाचलं. सगळं केविनबद्दल होतं. म्हातारा पिऊन आला होता. साधा नट आवळता येत नाही, एका पोराचा पाय घालवला. असल्या माणसाला तुरुंगात घालायला हवं होतं. काही शेरे कालपरवाचे होते. इतक्या वर्षांनीही लोक त्याला शिव्या घालत होते. सर प्रत्येक वाक्याला "पुढं" म्हणत. चाळीसेक झाल्यावर म्हणाले, "आता मी सांगतो ते लिव्ह. नट बराबर व्हता. पिन मी घातली न्हाई. पिन माझ्या तोंडात हाय, बघा. मी खोटं बोललो. केविन खरा मानूस व्हता. खाली माझं नाव, गाव, जिल्हा समदं घाल."

"सर, एवढंच?"

"माफी मागू का? कुनाला?"

मी ते इंग्रजीत लिहून टाकलं. पहिल्या आठवड्यात जी उत्तरं आली त्यात लोकांनी टिंगलच केली. कुणी म्हणालं, हा फसवणुकीचा नवा प्रकार आहे. कुणी म्हणालं, पैसे कधी मागणार ते सांग. सर रोज विचारत आणि मी रोज वाचून दाखवी. तिसऱ्या आठवड्यात केविनच्या मुलीचं उत्तर आलं. तेवढं मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

तिनं लिहिलं होतं: "मला तू आठवतोस. मी तुला स्पेलिंग शिकवायचे. वडील वारून नऊ वर्षं झाली. तुझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी तेव्हा आपली चूक मान्य केली. पण नंतर म्हातारपणी ते म्हणायला लागले की नट मी आवळला होता, माझ्या हातांना आठवतं. आम्हाला वाटलं, स्वतःला समजावत आहेत. आम्ही कुणीच त्यांचं खरं मानलं नाही. आईनंही नाही. ती त्यांना सोडून माझ्याकडे राहायला आली. ते एकटे होते तेव्हाच गेले. आम्हाला पुन्हा लिहू नकोस."

सरांनी ते तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "तिनं शिवी दिली न्हाई?"

"न्हाई सर."

"द्यायला पायजे व्हती," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सुमनबाई चहा घेऊन आली, तो तसाच गार झाला.

त्या दिवसानंतर सर घराबाहेर फारसे पडले नाहीत. हत्यारं त्यांनी वाटून टाकली. मी पुढच्या वर्षी पास झाले, एसटीत लागले, डेपोच्या वर्कशॉपमध्ये कायम झाले. माझं काम चांगलं आहे असं लोक म्हणतात आणि ते खिल्लारे सरांनी शिकवलेलं आहे, हेही खरं आहे. त्यांच्या हाताखालून गेलेली किती तरी माणसं नांदेडपासून पुण्यापर्यंत गाड्या दुरुस्त करताहेत. त्यांनी बसवलेल्या ब्रेकवर रोज किती लोक बिनघोर बसत असतील, याचा विचार कधीकधी माझ्या मनात येतो. पण सरांपुढे असलं काही बोलायची सोय नव्हती. एकदा सुमनबाईनं तसं बोलून पाहिलं, तर म्हणाले, "केविनला सांग जाऊन."

गेल्या वर्षी त्यांची किडनी गेली. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा दुपारची वेळ होती, सुमनबाई औषधं आणायला खाली उतरली होती. सर अगदी एवढेसे झाले होते. मला ओळखून त्यांनी बसायची खूण केली.

"तुला एक सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "त्या शिक्षक दिनाचं मनाला लावून घेऊ नको. तू माझ्यासाठी कौतुकानं आनलं व्हतं ते. तुला कुठं ठाव व्हतं पुढं काय हाय. तुजी काय बी चूक न्हाई. मी मेल्यावर तू हे घेऊन बसशील, म्हनून सांगून ठेवतो."

मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. घाई नव्हती. मला नुसतं म्हणायचं होतं, सर, मी आदल्या दिवशी पूर्ण पाहिला होता. तुम्ही आबांना हात जोडायला लावले म्हणून मी तो मुद्दाम लावला. त्या माणसाला तरी ते ऐकण्याचा हक्क होता. ऐकून त्यांनी काय केलं असतं मला माहीत नाही. कदाचित बरंच वाटलं असतं.

"खरंच ना?" सरांनी विचारलं. "मनात न्हाई ना काही?"

"न्हाई सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात सुमनबाई जिना चढून आली आणि मी उठून तिला जागा दिली. चार दिवसांनी सर गेले.